यादीच्या पोटात यादी

संगणकाच्या एका भाषेत सगळं काही याद्यांमध्ये लिहितात. ती भाषा म्हणजे लिस्प. 'लिस्ट प्रोसेसर', म्हणजे याद्या हाताळणारी, या दोन शब्दांवरून तिचं नाव पडलं. या भाषेतली एकच गोष्ट आज आपण समजून घेऊ. यादी बांधायची कशी, यादीच्या आत यादी ठेवायची कशी, आणि दोन याद्या 'एकत्र करा' असं कुणी सांगितलं तर त्या साध्या वाक्याचे किती अर्थ होतात. ही भाषा शिकायला बसलेला नवखा मुलगा बहुधा इथेच अडतो. तो मराठी माध्यमातून आलेला असेल तर आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे कळत नाही, अशी समजूत करून घेऊन पुस्तक मिटतो. इंग्रजीचा इथे फारसा संबंध नाही. अडचण असते मांडणीची, आणि मांडणी मराठीतही नीट सांगता येते.

कविता लिहिणाऱ्या माणसाला ही उठाठेव कशाला, असं तुम्ही विचाराल. माझा पुतण्या घरांचे नकाशे काढतो. नकाशांसाठी ऑटोकॅड नावाची प्रणाली वापरतात, ती तुमच्यापैकी अनेकांनी आर्किटेक्टच्या कचेरीत पाहिली असेल. तिच्यात १९८०च्या दशकापासून लिस्पचं एक लहान भावंड बसवलेलं आहे, ऑटोलिस्प. एका रविवारी तो म्हणाला, "चाचा, कंस मोजून मोजून डोळ्यांची वाट लागली." मी ते कागद हातात घेतले आणि मला त्यात गोडी वाटली. शब्द कुणाच्या शेजारी बसतो यावर त्याचा अर्थ ठरतो, हे मला माझ्या धंद्यातून ठाऊक होतं. इथे तर तोच एक नियम होता.

रेडिओवर बोलताना मात्र पंचाईत झाली. कंस ऐकू येत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी 'उघड' आणि 'मीट' असं म्हणत होतो. छापील पानावर ते कंसच दिले आहेत. लिस्पचे हुकूम खरं तर रोमन लिपीत टंकावे लागतात, इथे वाचायच्या सोयीसाठी ते देवनागरीत लिहिले आहेत. कंस म्हटला की आपल्याला आधी मामा आठवतो, पण हे कंस निरुपद्रवी आहेत. जितके उघडले तितके मिटले पाहिजेत, एवढीच त्यांची अट.

सगळ्यात साधी यादी अशी :

(आंबा फणस काजू)

तीन वस्तू, मधे स्वल्पविरामही नाही. आता ही बघा :

((आंबा फणस) काजू)

शब्द तेच, क्रमही तोच. पण या यादीत दोनच वस्तू आहेत. पहिली वस्तू म्हणजे आंबा आणि फणस यांची मिळून एक छोटी यादी, आणि दुसरी काजू. गझल ऐकणाऱ्यांना हे लगेच उमजेल. दोन मिसऱ्यांचा एक शेर, अशा शेरांची एक गझल, आणि गझलांचा दीवान. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी एक. दोन शेरांच्या मधली भिंत काढली तर चार ओळी उरतात, शब्द एकही हरवत नाही, पण शेर दोन्ही जातात. लिस्पमध्ये कंस म्हणजे ती भिंत.

पुढे जाण्याआधी एका बारीक खुणेची ओळख करून घेऊ. लिस्पला नुसता कंस दिसला की आतला पहिला शब्द हा हुकूम आहे असं ती धरून चालते. (+ २ ३) म्हटलं की ती बेरीज करून ५ देते. मग (आंबा फणस काजू) असं लिहिलं तर ती 'आंबा' नावाचा हुकूम शोधायला निघेल आणि तो न सापडल्याची तक्रार करील. म्हणून कंसाच्या आधी एक छोटं अवतरणचिन्ह द्यायचं : '(आंबा फणस काजू). त्याचा अर्थ, हे जसंच्या तसं घे, अंमल करू नकोस. मराठीत आपण हे रोज करतो. "आंबा गोड आहे" या वाक्यात फळाची गोष्ट आहे, "'आंबा' या शब्दात दोन अक्षरं आहेत" या वाक्यात शब्दाची. दुसऱ्या वाक्यात आपण अवतरणचिन्ह घालतो, लिस्पही तेच करायला सांगते.

आता यादी संगणकाच्या पोटात कशी राहते ते पाहू. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. तुम्ही मालगाडी बघितली आहे. प्रत्येक वाघिणीत माल असतो आणि मागे एक कडी असते, तिला पुढची वाघीण अडकवलेली. लिस्पची यादी हीच. प्रत्येक वाघिणीला दोनच भाग : एका भागात माल, दुसऱ्या भागात पुढच्या वाघिणीचा पत्ता. शेवटच्या वाघिणीला पुढे कुणीच नसतं, म्हणून तिच्या दुसऱ्या भागात 'निल' असतो, म्हणजे रिकामी यादी. आपल्या रेल्वेत शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुल्ली रंगवलेली असते. ती फुल्ली दिसली की स्टेशनवरचा माणूस समजतो, गाडी पूर्ण आली, मधे कुठे तुटून राहिली नाही. निल ही लिस्पची फुल्ली.

या जोडवाघिणीच्या पहिल्या भागाला म्हणतात 'कार' आणि दुसऱ्याला 'कुडर'. ही विचित्र नावं कुठून आली? लिस्पचा जन्म १९५८ सालचा, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तिचे जनक जॉन मॅकार्थी. 'आर्टिफिशिअल इंटेलिजन्स', ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, हा शब्दप्रयोगही त्यांचाच, १९५५ सालचा. याद्यांची कल्पना त्यांच्याआधी न्यूएल, शॉ आणि सायमन यांनी वापरली होती, मॅकार्थींनी ती फार थोड्या मूळ क्रियांवर उभी केली. १९६० साली त्यांचा निबंध छापून आला, आणि स्टीव्ह रसेल या त्यांच्या सहकाऱ्याने त्यातला मुख्य भाग आयबीएम ७०४ या यंत्रावर चालवून दाखवला. या यंत्राच्या स्मृतीतला एकेक शब्द ३६ बिटांचा असे, आणि त्यात १५-१५ बिटांचे दोन कप्पे असत. एकाचं नाव अ‍ॅड्रेस, दुसऱ्याचं डिक्रिमेंट. पहिल्या कप्प्यातला ऐवज तो कार, दुसऱ्यातला तो कुडर. ते यंत्र कधीच मोडीत गेलं, नावं मात्र राहिली. आपल्याकडेही रुपयाचे आणे गेले तरी 'सोळा आणे खरं' म्हणतोच की आपण.

तर '(आंबा फणस काजू) या यादीचा कार आहे आंबा. कुडर आहे (फणस काजू). लक्षात घ्या, कुडर म्हणजे दुसरी वस्तू नव्हे, पहिली वाघीण सोडून उरलेली सगळी गाडी. शेवटच्या वाघिणीचा कुडर काढला तर हाती येते फुल्ली, म्हणजे रिकामी यादी.

नवी वाघीण जोडण्याच्या हुकमाला 'कॉन्स' म्हणतात.

(कॉन्स 'कोकम '(आंबा फणस काजू))

याचं उत्तर (कोकम आंबा फणस काजू). एक नवी वाघीण आली, तिच्यात कोकम भरलं, तिची कडी आधीच्या गाडीला अडकवली, झालं. गाडी चार डब्यांची असो की चार हजारांची, काम एवढंच. आणि नवी वाघीण नेहमी पुढे लागते, शेवटी नाही. दुसरा हुकूम 'लिस्ट'. तो दिलेल्या प्रत्येक वस्तूला एकेक वाघीण देतो आणि शेवटी फुल्ली मारतो. (लिस्ट 'आंबा 'फणस) म्हटलं की (आंबा फणस) मिळते.

मग यादीच्या आतली यादी कशी? कोकण रेल्वेवर १९९९पासून रो-रो सेवा चालते. मालाने भरलेले अख्खे ट्रक वाघिणींवर चढवून नेतात. ट्रकच्या आत काय आहे हे वाघिणीला माहीत नसतं, तिच्या दृष्टीने एक ट्रक म्हणजे एक नग. लिस्पच्या वाघिणीत 'माल' म्हणून दुसऱ्या एका गाडीचा पत्ता ठेवता येतो. बाहेरून मोजलं तर तो एक नग, आत शिरलं तर स्वतंत्र गाडी, तिची स्वतःची फुल्ली असलेली.

आता लग्नघरात येऊ, कारण याद्यांचा खरा गोंधळ तिथेच असतो. पाहुण्यांची यादी आपण घरवार करतो, एक घर म्हणजे एक आमंत्रणपत्रिका. समजा मुलीकडची यादी अशी आहे :

((मामा मामी) (खाला))

आणि मुलाकडची अशी :

((काका काकू) (आत्या))

दोन्हीकडे घरं दोन-दोन, माणसं तीन-तीन. यादीतले नग मोजणारा 'लेंग्थ' नावाचा हुकूम आहे, तो दोन्ही याद्यांना २ हेच उत्तर देईल. आता घरातलं मोठं माणूस म्हणतं, "दोन्ही याद्या एकत्र कर." लिस्पमध्ये याचे तीन सरळ मार्ग आहेत, आणि तिघांची उत्तरं वेगळी.

पहिला 'अपेंड' :

(अपेंड मुलीकडचे मुलाकडचे)
((मामा मामी) (खाला) (काका काकू) (आत्या))

दुसरा 'लिस्ट' :

(लिस्ट मुलीकडचे मुलाकडचे)
(((मामा मामी) (खाला)) ((काका काकू) (आत्या)))

तिसरा 'कॉन्स' :

(कॉन्स मुलीकडचे मुलाकडचे)
(((मामा मामी) (खाला)) (काका काकू) (आत्या))

सहा माणसं तिन्हीकडे आहेत, कुणीही सुटलेलं नाही. तरी लेंग्थला विचारा, तो पहिलीत ४ सांगेल, दुसरीत २, तिसरीत ३. पत्रिका छापायच्या असतील तर चार हे उत्तर बरोबर, म्हणजे अपेंड. मुलीकडच्यांचं आणि मुलाकडच्यांचं जेवण वेगवेगळ्या मांडवात असेल तर दोन हे बरोबर, म्हणजे लिस्ट. तिसऱ्या उत्तरात मुलीकडची सगळी माणसं, दोन्ही घरांसकट, मुलाकडच्या यादीत एक घर होऊन बसली आहेत. व्यवहारात असं कुणाला हवं असणं कठीण. पण नवखा विद्यार्थी हटकून तेच करतो, कारण कॉन्स म्हणजे जोडणं असं त्याने ऐकलेलं असतं.

कंसांकडे नीट पाहिलंत तर नियम दिसेल. यादीचा सगळ्यात बाहेरचा कंस म्हणजे तिच्यावर पांघरलेली चादर समजा. अपेंड दोन्ही याद्यांची बाहेरची चादर काढतो आणि आतल्या सगळ्यांना एका चादरीखाली घेतो. लिस्ट कुणाचीच चादर काढत नाही, दोघांच्या वर तिसरी घालतो. कॉन्स फक्त दुसऱ्याची चादर उचलतो आणि पहिल्याला त्याच्या चादरीसकट आत, सगळ्यात पुढे बसवतो. माझ्या मते ही तीन वाक्यं पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवीत.

मग कॉन्स कधी वापरायचा? एकच नवा नग यादीत घालायचा असेल तेव्हा. मुलाकडच्या यादीत आजी राहिली आहे, ती एकटी राहते. आजीचं घर म्हणजे एका माणसाची यादी, (आजी). म्हणून :

(कॉन्स '(आजी) मुलाकडचे)
((आजी) (काका काकू) (आत्या))

इथे '(आजी)चा कंस विसरून नुसतं 'आजी लिहिलं तर मिळेल (आजी (काका काकू) (आत्या)). नग तीनच आहेत, पण दोन घरं आणि एक उघड्यावरची आजी. पुढे कुणी 'प्रत्येक घरातलं पहिलं माणूस सांग' असं विचारलं की आजीपाशी संगणक अडेल, कारण तिला घरच नाही. गंमत म्हणजे (अपेंड '(आजी) मुलाकडचे) केलं तरी हेच होतं. अपेंडने आजीची एकुलती चादर काढून घेतली. अपेंडनेच करायचं तर तिला दोन चादरी द्याव्या लागतात : '((आजी)). आजीला यादीच्या शेवटी बसवायचं असेल तर हाच मार्ग :

(अपेंड मुलाकडचे '((आजी)))
((काका काकू) (आत्या) (आजी))

शेवटी बसवायचं म्हणून काही जण कॉन्सच उलटा लिहितात, (कॉन्स मुलाकडचे 'आजी). त्यावर लिस्प उत्तर देते :

(((काका काकू) (आत्या)) . आजी)

मधला तो सुटा ठिपका बघून नवखा माणूस घाबरतो. घाबरण्याचं कारण नाही. नव्या वाघिणीत मुलाकडची सगळी गाडी माल म्हणून गेली आणि कडीच्या जागी पुढची वाघीण किंवा फुल्ली येण्याऐवजी आजी आली. ठिपका एवढंच सांगतो की या गाडीच्या शेवटी फुल्ली नाही. अशी जोडी मुद्दाम करण्याचीही पद्धत आहे. ऑटोकॅड नकाशातल्या प्रत्येक वस्तूची माहिती अशाच ठिपक्याच्या जोड्यांत देतं. रेघ कोणत्या थरावर आहे याचा सांकेतिक आकडा ८. थराचं नाव 'भिंत' असेल तर जोडी होते (८ . "भिंत"). कार घेतला की आकडा, कुडर घेतला की नाव.

पुतण्याचं घोडं अडलं होतं ते याच्या जवळपास. ऑटोलिस्पमध्ये नकाशावरचा एक बिंदू म्हणजे तीन आकड्यांची यादी : आडवं अंतर, उभं अंतर, उंची. (० ० ०) हा एक कोपरा, (३ ० ०) हा दुसरा. त्याला खोलीचे चार कोपरे एका यादीत हवे होते. त्याने ते अपेंडने जोडले. अपेंडने आपलं काम चोख केलं, चारही चादरी काढल्या, आणि चार कोपऱ्यांची खोली बारा आकड्यांची माळ झाली. तिचा कार मागितला तर बिंदू न मिळता नुसतं शून्य मिळे. गणित सगळं बरोबर, आकडा एकही चुकलेला नाही, तरी नकाशा निघेना, आणि नकाशा सोमवारी हवा होता. चूक आपल्या मोजमापात आहे असं समजून त्याने दोन रात्री आकडे तपासले. मोजमापात काही सापडणारच नव्हतं. अपेंडच्या जागी लिस्ट लिहिलं आणि चार भिंती उभ्या राहिल्या.

आतल्या वस्तूपर्यंत पोचायचं तर कार आणि कुडर एकावर एक चढवायचे. मुलाकडच्या मूळ यादीतली आत्या हवी आहे. आधी कुडर, म्हणजे पहिलं घर सोडून उरलेलं : ((आत्या)). त्याचा कार : (आत्या), हे झालं घर. त्याचाही कार घेतला की आत्या स्वतः. लिहिताना मात्र क्रम उलटा दिसतो, (कार (कार (कुडर मुलाकडचे))), कारण लिस्प आतल्या कंसापासून बाहेर येते. कुडर आणि त्यावर कार हे इतक्यांदा लागतं की त्याचं 'कॅडर' असं जोडनाव केलेलं आहे. ऑटोकॅडमध्ये बिंदूचं उभं अंतर काढायला हाच कॅडर वापरतात.

दोन गोष्टी पुस्तकं उशिरा सांगतात, त्या आधीच सांगून टाकतो. एक म्हणजे अपेंडला लागणारी मेहनत. गाडीच्या शेवटी काही जोडायचं तर अपेंड आधीची गाडी जशीच्या तशी ठेवतो, तिच्या प्रत्येक वाघिणीची नवी नक्कल करतो आणि नकलेच्या शेवटी जोडणी करतो. हजार नावं एकेक करून शेवटी जोडत गेलात तर पहिल्या वेळी शून्य नकला, मग एक, मग दोन, असं करत ९९९. बेरीज होते ४,९९,५००. त्यापेक्षा कॉन्सने पुढे पुढे लावत जा आणि शेवटी 'रिव्हर्स' हा हुकूम देऊन यादी एकदाच उलटी करा. एक हजार वाघिणी लावताना, एक हजार उलटताना, दोन हजारांत काम भागतं. लिस्पमधले मुरलेले लोक यादी उलटी का बांधतात, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. अपेंड नक्कल करतो ती फक्त पहिल्या यादीची. दुसरी यादी तो तशीच, मूळचीच, मागे अडकवतो. म्हणजे आपल्या एकत्र यादीचा मागचा अर्धा भाग ही मुलाकडची यादीच आहे, तिची प्रत नव्हे. उद्या कुणी मुलाकडच्या यादीत आत्याच्या घराच्या जागी दुसरं घर भरलं तर एकत्र यादीतही ते आपोआप बदलेल. मुलीकडच्या यादीत खालाच्या जागी दुसरं घर भरलं तर मात्र एकत्र यादी तशीच राहील, कारण तिथल्या वाघिणी नकलेच्या आहेत. आणि यातही एक पोटभेद. नक्कल होते ती बाहेरच्या गाडीची, वर चढवलेल्या ट्रकांची नाही. (मामा मामी) या आतल्या यादीत शिरून मामीचं नाव बदललं तर ते दोन्हीकडे बदललेलं दिसेल. जुन्या याद्यांना हातच लावायचा नाही, बदल हवा तर नवी यादी बांधायची, अशी शिस्त पाळली तर ही भागीदारी फायद्याचीच ठरते, जागा वाचते. मग वापरात नसलेल्या वाघिणींचं काय होतं? त्या गोळा करून पुन्हा कामाला लावायची युक्तीही मॅकार्थींचीच, १९५९च्या सुमाराची. आज जावा, पायथन अशा कितीतरी भाषा तशी व्यवस्था ठेवतात.

नक्कल न करता थेट जोडणारा एक हुकूम कॉमन लिस्प या आवृत्तीत आहे, 'एनकॉन्क'. तो पहिल्या गाडीची फुल्ली पुसून तिथेच दुसरी गाडी अडकवतो. काम झटपट होतं, पण पहिली यादी पहिल्यासारखी राहत नाही. आणि एखाद्याने चुकून यादी तिलाच जोडली, तर शेवटचा डबा इंजिनाला लागून गाडी गोल होते. अशी यादी छापायला सांगितली तर संगणक सहसा छापतच राहतो, कारण फुल्ली कधी येतच नाही. शिकताना याच्या वाटेला जाऊ नये.

आता शेवटचा प्रश्न, लग्नघरातला सगळ्यात महत्त्वाचा. ताटं किती? लेंग्थ फक्त बाहेरचे नग मोजतो, आपल्याला सगळ्या कंसांत शिरून माणसं मोजायची आहेत. लिस्पमध्ये त्यासाठी एवढंच लिहावं लागतं :

(डिफन ताटे (य)
(कॉन्ड ((नल य) ०)
((अ‍ॅटम य) १)
(टी (+ (ताटे (कार य)) (ताटे (कुडर य))))))

पहिल्या ओळीत 'ताटे' नावाचा नवा हुकूम तयार केला, त्याला जे काही मोजायला दिलं जाईल त्याचं नाव य. पुढे तीन शक्यता. य रिकामी यादी असेल तर ताटं शून्य. य हे एकटं नाव असेल, म्हणजे लिस्पच्या भाषेत अ‍ॅटम, तर ताट एक. दोन्ही नसेल तर ती गाडी आहे, मग पहिल्या वाघिणीतल्या मालाची ताटं मोज, उरलेल्या गाडीची मोज, आणि बेरीज कर. माल म्हणजे पुन्हा एक गाडी निघाली तर हाच हुकूम तिथेही लागू. हुकूम स्वतःलाच कामाला लावतो, आणि प्रत्येक वेळी यादी लहान होत जाते, म्हणून तो कुठेतरी थांबतोच. मघाच्या तिन्ही एकत्र याद्या याला द्या, तिन्हींचं उत्तर ६ येईल.

यात पहिल्या दोन ओळींचा क्रम बदलून चालत नाही. लिस्पच्या दृष्टीने रिकामी यादीसुद्धा अ‍ॅटमच आहे. आधी 'एकटं नाव आहे का' असं विचारलंत तर प्रत्येक फुल्लीही माणूस म्हणून मोजली जाईल. मुलीकडच्या यादीत मामा, मामी, खाला ही तीन माणसं, आणि फुल्ल्याही तीन : पहिल्या घराची, दुसऱ्या घराची आणि बाहेरच्या यादीची. तिघांसाठी सहा ताटं मांडली जातील.

हल्ली असा प्रोग्रॅम तोंडी मागितला तरी संगणक लिहून देतो. तो लिहून आला की नल आधी आहे की अ‍ॅटम, हे पाहणारा माणूस लागतोच, आणि कंस वाचता येत असतील तर ते पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

घरी कागदावर सोडवायला एक उदाहरण देतो. एक यादी आहे '(अ), दुसरी '(ब क). कॉन्स, लिस्ट आणि अपेंड, तिघांची उत्तरं काढा, प्रत्येकाची लेंग्थ लिहा, मग पुढे वाचा. कॉन्सचं उत्तर ((अ) ब क), नग तीन. लिस्टचं ((अ) (ब क)), नग दोन. अपेंडचं (अ ब क), नग पुन्हा तीन. कॉन्स आणि अपेंड दोघांचे नग तीनच आले, पण याद्या एक नाहीत. दोन्हींचा कार काढून बघा : एकीत (अ) मिळतो, दुसरीत नुसता अ.